तुळई किती उंच घ्यायची? एलव्हीएलचं माप काढण्याची माझी रीत

वखारीत गेलं की पहिला प्रश्न येतो, "कितीचं पाहिजे?" बहुतेक घरमालक सुताराने सांगितलेलं माप सांगून मोकळे होतात. चार बाय दहा, पाच बाय बारा. साग मुबलक होता तोवर हे चालून गेलं, कारण जुने सुतार माप मुळातच सढळ धरायचे. आता तसा साग परवडत नाही, म्हणून लोक एलव्हीएलची, म्हणजे पापुद्रे चिकटवून कारखान्यात केलेल्या लाकडाची, चौकशी करतात. त्याचं माप सागाच्या अंदाजाने काढलं की गोंधळ होतो. रुंदी उगाच वाढते आणि जिथे खरी गरज असते ती उंची कमी पडते.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ऑफिस गिरगावात आहे आणि कामं बरीचशी जुन्या लाकडी घरांची असतात. गावठाणातली दुमजली घरं, चाळींचे कडीपाटाचे मजले (तुळईवर टेकलेल्या लहान आडव्या कड्या आणि त्यांवर फळ्या), पोटमाळे. तुळई बदलायची वेळ आली की मी हिशोब कसा करते ते इथे लिहिते आहे. हे वाचून स्वतःच तुळई बसवू नका. मुंबईत भार पेलणाऱ्या कशालाही हात लावायचा तर परवानाधारक इंजिनिअरची सही लागते, महापालिकेची परवानगी लागते, आणि इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत, असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाशीही गाठ असते. पण हिशोब कळत असला की इंजिनिअरला प्रश्न विचारता येतात आणि वखारवाल्याने काहीही गळ्यात मारलं तर ते लक्षात येतं.

एलव्हीएल म्हणजे साधारण तीन मिलिमीटरचे लाकडाचे पापुद्रे एकावर एक चिकटवून केलेली फळी. प्लायवूडमध्ये पापुद्र्यांचे रेषे आडवे-उभे घालतात, इथे जवळपास सगळे रेषे लांबीच्या दिशेने जातात. त्यामुळे गाठ, चीर, वाकडा रेषा हे दोष एका जागी साठत नाहीत आणि एक फळी दुसरीसारखीच निघते. तुळईसाठी ही फळी कायम उभी लावायची, म्हणजे पापुद्र्यांच्या कडा वर आणि खाली दिसल्या पाहिजेत. आडवी टाकलेली पाहिली आहे मी, आणि वर "पण मटेरियल तर तेच आहे ना?" असंही ऐकलं आहे.

आता मुद्द्याचं. घरातली तुळई तुटून पडायच्या खूप आधी वाकते. खालच्या छताला तडे जातात, वरच्या खोलीत कपाटाचं दार आपोआप उघडतं, मूल धावलं की शोकेसमधल्या काचा वाजतात. लाकडात शक्ती शिल्लक असते, पण झोळ आलेला असतो. म्हणून माप ठरवताना "किती वजन पेलेल?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, "किती झोळ येईल?"

उदाहरण घेऊ. अंधेरीच्या एका गावठाणातलं दुमजली घर. खाली ओटी, वर दोन खोल्या, कडीपाटाचा मजला. मधली सागाची तुळई पश्चिमेच्या भिंतीत शिरते तिथे सडलेली. अशा घरात मी आधी ते टोकच बघते, कारण तुळई मधे क्वचित खराब होते. पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो, भिंत ओल धरते आणि चुन्यात बंद झालेलं लाकडाचं टोक वर्षानुवर्षं भिजत राहतं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर चांगल्या सागात दोन-तीन मिलिमीटरवर अडतो. इथे मुठीपर्यंत गेला, आणि बाहेर काढताना रव्यासारखे बारीक दाणे सांडले. ते कोरड्या लाकडातल्या वाळवीचे. वरून रंग मात्र व्यवस्थित होता.

दोन भिंतींमधलं मोकळं अंतर ४.२ मीटर. तुळईचं टोक दोन्हीकडे भिंतीवर १०० मिलिमीटर टेकणार, म्हणजे टेकणीच्या मध्यापासून मध्यापर्यंत हिशोबाचा गाळा ४.३ मीटर. हे अंतर स्वतः टेपने मोजा, आणि दोन-तीन जागी मोजा. जुन्या भिंती सरळ नसतात.

मग तुळईच्या वाट्याला किती मजला येतो ते काढायचं. तिच्या दोन्ही बाजूंना कड्या टेकतात आणि कड्यांची लांबी दोन्हीकडे ३ मीटर आहे. प्रत्येक कडी आपलं अर्धं ओझं भिंतीला देते, अर्धं तुळईला. म्हणजे इकडून दीड मीटर, तिकडून दीड मीटर, एकूण ३ मीटर रुंदीचा पट्टा तुळईच्या डोक्यावर. घरमालकांचा गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो. कुणी पूर्ण खोली धरतो, कुणी फक्त तुळईच्या वरची जागा.

भार दोन प्रकारचा. कायमचा, म्हणजे मजल्याचं स्वतःचं वजन: फळ्या, कड्या, खालचं जिप्समचं छत, तुळई स्वतः. या घरात तो चौरस मीटरला ६० किलोच्या आसपास आला. दुसरा येता-जाता भार, म्हणजे माणसं आणि सामान. आयएस ८७५ या भारांच्या भारतीय संहितेच्या दुसऱ्या भागात राहत्या घराच्या खोल्यांसाठी तो चौरस मीटरला २ किलोन्यूटन दिला आहे, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो. जिने, पॅसेज आणि बाल्कनीला ३ किलोन्यूटन धरायचा.

"२०० किलो? एवढं कोण ठेवतंय?" हे मला नेहमी विचारतात. गणपतीत आरतीला पंचवीस माणसं वरच्या खोलीत जमतात, सगळी एका बाजूला देव्हाऱ्यासमोर. कपड्यांनी गच्च भरलेलं लोखंडी कपाट पाऊण मीटर जागेत दीड-दोनशे किलो सहज होतं. हा आकडा कमी करायला मी कधीच तयार होत नाही. उलट पोटमाळ्यावर पाण्याची टाकी असेल तर तिचा हिशोब वेगळा करते, कारण ५०० लिटर म्हणजे ५०० किलो, तेही एका जागी आणि चोवीस तास. टाकीला "येता-जाता" म्हणता येत नाही, ती कायमच्या भारात जाते.

तर ६० अधिक २००, म्हणजे २६०. त्याला ३ मीटरने गुणलं की तुळईच्या प्रत्येक मीटरवर ७८० किलो. १ किलो म्हणजे जवळपास १० न्यूटन धरले तर मिलिमीटरला ७.८ न्यूटन.

मधोमध येणारा झोळ असा काढतात: ५ गुणिले भार गुणिले गाळ्याचा चौथा घात, भागिले ३८४ गुणिले 'ई' गुणिले 'आय'. 'ई' म्हणजे लाकडाचा ताठपणा, तो विकणाऱ्याच्या तक्त्यात मिळतो. 'आय' आकारावरून येतो: रुंदी गुणिले उंचीचा घन, भागिले १२. सगळं मिलिमीटर आणि न्यूटनमध्ये घालायचं, नाहीतर उत्तर भलतंच येतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे.

या सूत्रातल्या दोन गोष्टी लक्षात राहिल्या तरी पुरे. उंचीचा घन होतो, म्हणून रुंदी दुप्पट केली तर झोळ निम्मा होतो, उंची दुप्पट केली तर आठवा हिस्सा उरतो. आणि गाळ्याचा चौथा घात होतो, म्हणून भिंतीलगत खांब घेऊन ४.३ चा गाळा ३.८ मीटर केला तरी झोळ जवळजवळ ४० टक्क्यांनी उतरतो. खांब कोपऱ्यात, सोफ्याच्या मागे लपत असेल तर मी तो आधी सुचवते. लाकूड वाचतं आणि भिंतीवरचा ताणही.

या घरात खांबाला जागा नव्हती. मिळणारी एलव्हीएल ४५ मिलिमीटर जाडीची, तक्त्यात 'ई' १३,००० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. दोन फळ्या जोडून रुंदी ९०.

पहिला प्रयत्न ९० बाय ३००. सुतारकाकांच्या हिशोबाने ही "ढब्बू" तुळई. ताकद तपासली: वाकण्याचा ताण १३.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर आला, परवानगी मी १७ ची धरली होती. म्हणजे पास. झोळ १३.२ मिलिमीटर. आयएस ८८३, आपली लाकडी बांधकामाची संहिता, सांगते की खाली जिप्समसारखं ठिसूळ छत असेल तर झोळ गाळ्याच्या ३६०व्या भागापेक्षा जास्त नको. एरवी २४०वा भाग चालतो. ४३०० भागिले ३६० म्हणजे ११.९. तुळई ताकदीत पास, झोळात नापास.

आणि हा १३.२ फक्त पहिल्या दिवसाचा. लाकूड ओझ्याखाली वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतं, आणि हवा दमट असेल तर अधिक. मुंबईत पावसाळ्याचे चार महिने हवेतली आर्द्रता कुठे असते ते टॉवेल वाळत घालणाऱ्या कुणालाही विचारा. युरोपच्या संहितेत छपराखालच्या पण दमट जागेसाठी ०.८ चा गुणक आहे, म्हणजे कायमच्या भाराचा झोळ कालांतराने १.८ पट होतो. मी तोच वापरते. येता-जाता भार कायम नसतो, त्यामुळे तिथे सव्वा पट पुरतो. असं धरलं तर ९० बाय ३०० चा शेवटचा झोळ १८ मिलिमीटरच्या वर जातो.

इथे दोन वाटा होत्या. तिसरी फळी लावून १३५ बाय ३००, किंवा दोनच फळ्या पण उंच, ९० बाय ३६०. पहिल्याचा शेवटचा झोळ १२.१, म्हणजे काठावर चुकतो. दुसऱ्याचा १०.५, आणि लाकूड पाचव्या हिश्शाने कमी. आपल्याकडे सुतार आणि घरमालक दोघंही जाडीकडे बघून समाधान मानतात. "तीन फळ्या आहेत, बघा कशी भक्कम दिसते!" दिसते खरी.

उंच तुळईची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक, डोक्यावरची जागा. जुन्या घरात मजल्याची उंची बरी असते, नव्या पोटमाळ्यात प्रत्येक इंचावर भांडण होतं. दोन, उंच आणि अरुंद तुळई कलंडू पाहते. आयएस ८८३ प्रमाणे उंची रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर बाजूने आधार हवाच. ३६० भागिले ९० म्हणजे चौपट. कड्या तुळईच्या वरच्या कडेला नीट खिळवल्या की तो आधार मिळतो, पण नुसत्या ठेवलेल्या कड्या त्यात मोजू नका.

कातर ताण, म्हणजे टोकाशी लाकूड रेषेवर सरकण्याचा धोका, या मापात ०.८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या खाली येतो. घरगुती गाळ्यांत तो क्वचितच अडतो, तपासून पुढे जायचं.

फरशीचं काय

हे वेगळं लिहिते कारण जवळजवळ प्रत्येक घरात हा विषय निघतो, आणि तोही तुळई आल्यावर. "वर लाकडी जमीन नको हो, मॅडम, व्हिट्रिफाइड टाकू या, पुसायला बरी." ४० मिलिमीटर सिमेंट-वाळूचा माल आणि वर टाइल, म्हणजे चौरस मीटरला १०० किलोच्या पुढे. अंधेरीच्या त्या घरात कायमचा भार ६० वरून १६५ वर गेला असता. तोही सगळा कायमचा, म्हणजे १.८ ने गुणला जाणारा. ९० बाय ३६० चा शेवटचा झोळ १६ मिलिमीटर होतो. ४०० उंचीची घेतली तर ११.७, जेमतेम बसते. शिवाय टाइल ठिसूळ, मजला हलला की सांधे आधी उघडतात. आणि कड्यांचाही हिशोब नव्याने करावा लागतो, ते कुणाच्या डोक्यात नसतं. मी त्या घरात टाइलला नाही म्हटलं. तुम्हाला हवीच असेल तर हरकत नाही, पण तुळईचं माप काढायच्या आधी सांगा.

कुठली एलव्हीएल

आपल्या बाजारात एलव्हीएल म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळ दाराच्या चौकटीसाठी बनवलेलं असतं, पॉपलर किंवा निलगिरीचं. चौकटीला ते उत्तम. तुळईला चालेल की नाही हे फक्त तपासणीचा कागद सांगतो. रे रोडच्या लाकूडबाजारात विचारा किंवा आणखी कुठे, प्रश्न तोच ठेवा: "ई किती, वाकण्याचा परवानगी ताण किती, आणि हे लिहून देता का?" विकणारा "एकदम हेवी क्वालिटी" एवढंच म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. समजा 'ई' १३,००० ऐवजी ८,००० निघाला, तर आपल्या ९० बाय ३६० चा झोळ १०.५ वरून १७ मिलिमीटर होईल. तुळई दिसायला अगदी तीच.

दुसरं बघायचं ते चिकट. फिनॉलिक चिकटाची रेघ गडद तपकिरी दिसते, युरियाची फिकट, जवळजवळ न दिसणारी. मुंबईच्या हवेत मी फक्त पहिली घेते. तुकडा कापून मागा आणि घरी पातेल्यात उकळा. प्लायवूडच्या भाषेत उकळत्या पाण्यात ८ तास टिकलं तर बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट), ७२ तास टिकलं तर बीडब्ल्यूपी (बॉइलिंग वॉटर प्रूफ). आठ तासांत पापुद्रे सुटायला लागले तर उत्तर मिळालं. टिकला म्हणून कागदाची गरज संपत नाही, एवढं लक्षात ठेवा. वाळवी आणि बोरर (लाकूड पोखरणारा किडा) यांसाठी प्रक्रिया कारखान्यातच झालेली हवी. वरून ब्रशने मारलेलं औषध आत शिरत नाही.

"त्यापेक्षा लोखंडी गर्डर टाका ना?" हा प्रश्न रास्त आहे. आपल्या ९० बाय ३६० एवढाच ताठपणा २०० मिलिमीटर उंचीच्या गर्डरला असतो, म्हणजे १६० मिलिमीटर डोक्यावर मोकळे, आणि लोखंड काळानुसार झोळ धरत नाही. उंची कमी असेल तिथे मी गर्डरच देते. पण त्याचं वजन मीटरला २५ किलोच्या आसपास, ४.४ मीटरचा तुकडा ११० किलो. एलव्हीएलची एक फळी त्रेचाळीस-चव्वेचाळीस किलो भरते. अरुंद लाकडी जिन्यावरून दोन माणसं एकेक फळी वर नेतात आणि जागेवर जोडतात. खाऱ्या हवेचा गंज वेगळा, आणि लाकडी घरात वेल्डिंगच्या ठिणग्या मला नकोच असतात.

बसवताना

तुळई दोन्ही टोकांना जवळपास १७०० किलो भिंतीला देते. ९० बाय १०० मिलिमीटरच्या टेकणीवर एलव्हीएल चिरडत नाही, पण खालची चुन्यातली जुनी वीट चिरडू शकते. अशा विटेवर मी ०.३५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या वर जात नाही. त्या हिशोबाने सुमारे ४८,००० चौरस मिलिमीटर जागा लागते, म्हणून टेकणीखाली २३० बाय २३० चा काँक्रीटचा किंवा दगडाचा ठोकळा. आयएस ८८३ चा किमान नियम ७५ मिलिमीटर टेकणीचा आहे. मी १०० घेते, कारण जुनी भिंत खोदताना कड कुठे ढासळेल याचा भरवसा नसतो.

टोक भिंतीत चिणायचं नाही. भिंतीतल्या खणात दोन्ही बाजूंना, वर आणि मागे बोटभर जागा मोकळी सोडा, ठोकळा आणि लाकूड यांच्यामध्ये ओल अडवणारा थर घाला, कापलेल्या टोकाला सीलर लावा. गवंडी ती फट "नीट" करायला माल घेऊन टपलेलाच असतो. त्याच्यासमोर उभं राहा. जुनी तुळई याच फटीअभावी सडली होती.

दोन फळ्या एकमेकींना नुसत्या गोंदाने नाही जोडायच्या. १२ मिलिमीटरचे बोल्ट, दोन ओळींत, आलटून-पालटून, साधारण ६०० मिलिमीटर अंतराने, कडेपासून किमान ५० आत, वॉशर लावून. कड्या एकाच बाजूने टेकत असतील तर बोल्ट जास्त लागतात, ते इंजिनिअर सांगेल.

जुनी काढण्याआधी टेकू दोन्ही बाजूंच्या कड्यांखाली, आणि टेकूचा पाय जमिनीपर्यंत. मधल्या लाकडी मजल्यावर उभा केलेला टेकू हा टेकू नव्हे. काम दिवाळी ते एप्रिलमध्ये करा. फळ्या घरात आणून आठ-दहा दिवस जमिनीपासून उचलून, मधे पट्ट्या घालून ठेवा. ताडपत्रीत घट्ट गुंडाळल्या तर आत घाम धरतात.

शेवटी येतो इलेक्ट्रिशियन. त्याला पाइप पलीकडे न्यायचा असतो आणि सगळ्यात जवळचा रस्ता तुळईतून जातो. भोक पाडायचंच तर उंचीच्या मधल्या तिसऱ्या भागात, गाळ्याच्याही मधल्या तिसऱ्या भागात, गोल, ५० मिलिमीटरच्या आत, आणि तेही विकणाऱ्याच्या तक्त्यात परवानगी असेल तर. खालच्या कडेला खाच अजिबात नाही, अर्ध्या इंचाचीही नाही. मी तर खडूने तुळईवर चालणारा पट्टा आखून देते आणि बाकी सगळीकडे फुल्या मारते.